घोड्याच्या 'जडीबुटी' पावडरीपायी 31,000 गेले, तुम्ही तरी सावध व्हा

पाचगणीला टेबललँडवर माझी घोडी फिरते. दिवाळीचा सीझन तोंडावर आणि तिचा पुढचा पाय लंगडत होता, जुनं सांध्याचं दुखणं. घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "100% आयुर्वेदिक, केमिकल अजिबात नाही" असा व्हिडिओ आला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, ऑफर फक्त आजच्यापुरती वगैरे. चार डब्यांचा कोर्स 11,400, सांध्याचं तेल 1,250, कुरियर 350. झाले 13,000.

लोक म्हणतात विश्वास ठेवलासच कसा. अहो, आमच्याकडे आजोबांपासून चंदीत, म्हणजे घोड्याच्या खुराकात, मेथी, ओवा, बडीशेप घालतात, मग जडीबुटी म्हटल्यावर संशय कशाला येईल? आणि सीझनला घोडी पागेत उभी राहिली तर घरात खायचं काय?

संशय यायला हवा होता तो दोन दिवसांनी. वर्षभर लंगडणारी घोडी अशी टापा टाकत निघाली की बाकीचे विचारायला लागले, काय घातलंस रे? मेथी-अश्वगंधेनं दोन दिवसात सांधा सुटतो का कधी? झाडपाल्याला गुण यायला आठवडे लागतात हे माझ्या आईलापण कळतं! तिथंच डबा बंद व्हायला पाहिजे होता. उलट मी तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि तो बघून अजून दोघांनी पावडर मागवली, ते जास्त लागतं मनाला.

डबे संपत आले तशी परत लंगडायला लागली. विकणारा म्हणाला "स्ट्राँग कोर्स" घ्या, 8,400 अॅडव्हान्स. पाठवले. पार्सल नाही, फोन बंद. पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उद्या येईल पार्सल म्हणून वाट बघू नका.

मग जनावरांचे डॉक्टर आले, विचारलं दुसरं औषध चालू आहे का. मी म्हणालो, औषध नाही, नुसती जडीबुटी. डब्यावरच तसं छापलेलं, मी दुसरं काय सांगणार! त्यांनी दुखण्याचं औषध दिलं, उरलेली पावडर चालूच. मग घोडी चंदीला तोंड लावेना, दात खायला लागली, लीद पातळ. डॉक्टरांनी डबा बघून डोक्याला हात लावला, म्हणाले यात फिनाइलब्युटाझोनसारखं पेनकिलर मिसळलं असणार, दोन पेनकिलर एकावर एक म्हणजे पोटात अल्सर, किडनीलाही धोका. घोड्याला तर उलटीपण करता येत नाही. उपचाराचे 9,600. पावडर असो, काढा असो, चाटण असो, डॉक्टरांना आधी सांगा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले घोड्याच्या पावडरीची कसली फिर्याद, ग्राहक मंचात जा. एका ऑफिसात म्हणाले डब्यावर सप्लिमेंट लिहिलंय म्हणजे हे खाद्य, आमच्याकडे येत नाही. खाद्यवाल्यांकडे गेलो तर आयुर्वेदिक लिहिलंय म्हणजे औषध, परत तिकडेच जा. साहेब मीटिंगला, अर्ज आवकला द्या, पोच मागितली तर तोंड वाकडं. अरे एक मुकं जनावर मरायला टेकलं होतं आणि तुम्ही डब्यावरचे शब्द वाचत बसता? जनावरांच्या आयुर्वेदिक औषधालापण 1940 च्या औषध कायद्याचं लायसन्स लागतं, हे यांना मी सांगायचं?

लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नसेल तर डबा घेऊच नका. पैसे कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर मागितले तर तिथंच थांबा.

एक सीलबंद डबा मी जपून ठेवलाय. हिरवं झाकण, घोड्याचं चित्र, पत्ता नाही. असला डबा कुणाकडे असेल तर फेकू नका, पेमेंटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा, सगळ्यांचे मिळून एकच अर्ज देऊ.