कॅरॅव्हानबरोबर ५ वॉटचा हँडहेल्ड: कुठे कामाला येतो, कुठे तोंडघशी पाडतो

ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हान (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन लांबच्या रस्त्याला लागणाऱ्यांनी यूएचएफ सीबीचा, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या रेडिओ-पट्ट्यावरचा, हातात धरायचा सेट (हँडहेल्ड) जरूर घ्यावा. मात्र गाडीत पक्क्या बसवलेल्या रेडिओला तो पर्याय नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कॅरॅव्हान रिव्हर्स घेताना, कॅम्पमध्ये, मुलं पायवाटेने पुढे गेलेली असताना त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. हायवेवर ११० च्या वेगाने जाताना, बंद काचांच्या आत, तोच रेडिओ निम्मासुद्धा उरत नाही.

इथे गृहीत धरलाय तो जीएमईच्या टीएक्स ६१६० सारखा सेट: ८० चॅनल, ५ आणि १ वॉट अशा दोन पातळ्या, आयपी ६७ दर्जाचं धूळ-पाण्यापासून संरक्षण. युनिडेन, ओरिकॉम यांचेही याच जातीचे सेट मिळतात. ५ वॉट ही या बँडची कायदेशीर कमाल मर्यादा आहे आणि ती हँडहेल्डला जेवढी, तेवढीच डॅशबोर्डखाली बसवलेल्या रेडिओलाही. म्हणजे दोघांची ताकद एकच. तरी पल्ल्यात इतका फरक का पडतो, ते कळलं की खरेदीचा निर्णय आपोआप होतो.

हा बँड ४७६.४२५ ते ४७७.४१२५ मेगाहर्ट्झचा. तरंगलांबी साधारण ६३ सेंटिमीटर. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. दोन माणसं सपाट माळावर दीड मीटर उंचीवर रेडिओ धरून उभी असली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे रेडिओची क्षितिजरेषा सुमारे १० किलोमीटरवर येते. खोक्यावर छापलेला त्याहून मोठा आकडा डोंगरमाथ्यावरून खाली बोलल्यावरच खरा ठरतो. आता तोच हँडहेल्ड गाडीत न्या. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, लहर बाहेर पडते ती काचांमधून, आणि काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर तीही वाट अडते. त्यात हँडहेल्डचा अँटेना आखूड. मागून येणाऱ्या सोबत्यांशी बोलायचं असेल तर मधे तुमचीच अ‍ॅल्युमिनियमने मढवलेली कॅरॅव्हान उभी. त्यामुळे दोन गाड्यांच्या आत धरलेल्या हँडहेल्डमध्ये १ ते ३ किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावं. बाहेर बसवलेल्या अँटेनाने उंची फार वाढत नाही, पण तो डब्याच्या बाहेर येतो. सगळा फायदा तिथेच आहे.

हँडहेल्डवरच भागवायचं असेल तर तो शेजारी बसलेल्या माणसाने काचेजवळ उभा धरावा. कप होल्डरमध्ये आडवा पडलेला सेट निम्म्या गोष्टी ऐकतच नाही, कारण समोरच्यांचे अँटेना उभे असतात. खरेदी करताना अँटेना काढता येतो का, हे दुकानातच पाहा. काढता येत असेल तर पुढे छतावर चुंबकी अँटेना लावून त्याची वायर जोडता येते. पक्का चिकटवलेला असेल तर ही वाट बंद.

चॅनलबद्दल घोळ फार होतो. ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी, हा कायदा आहे, आणि तिथे गप्पा मारल्यास दंड होऊ शकतो. २२ आणि २३ यंत्रांच्या संदेशांसाठी राखीव, त्यावर बोलायचं नाही. ६१ ते ६३ वापरायचे नाहीत. १ ते ८ आणि ४१ ते ४८ रिपीटरचे (ऐकलेलं बोलणं पुन्हा लांबवर पाठवणारी केंद्रं), त्यांच्या जोडीचे ३१ ते ३८ आणि ७१ ते ७८. जवळ रिपीटर असेल तर या सगळ्यांपासून लांब राहा, नाहीतर अख्ख्या तालुक्याएवढ्या भागाचं बोलणं तुम्ही अडवता. ११ वर फक्त हाक मारायची आणि दुसरीकडे जायचं. बाकी सगळे संकेत आहेत: ४० ट्रकवाल्यांचा, १८ कॅरॅव्हानवाल्यांचा, १० फोर व्हील ड्राइव्हवाल्यांचा, पॅसिफिक हायवेवर मात्र ट्रकवाले २९ वर. घरच्या बोलण्यासाठी ४९ ते ६० किंवा ६४ ते ७० मधला एखादा शांत चॅनल धरावा.

दोन्ही सेट एकाच चॅनलवर आहेत, तरी आवाज नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. दोष बहुतेक वेळा सेटचा नसतो. आधी टोन कोड पाहा, म्हणजे सीटीसीएसएस. एकावर कोड चालू आणि दुसऱ्यावर बंद असेल, तर कोडवाला सेट गप्प बसतो. दोन्हीकडे बंद करून टाका. या कोडला काही दुकानदार प्रायव्हसी म्हणतात, पण तुमचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. कोडमुळे फक्त इतरांचा आवाज तुमच्या कानावर येत नाही. त्यानंतर डुप्लेक्स पाहा, म्हणजे रिपीटरसाठी एका चॅनलवर बोलून दुसऱ्यावर ऐकण्याची सोय. चॅनल ३ वर डुप्लेक्स चालू राहिलं तर तुमचा सेट ३३ वर बोलतो आणि ३ वर ऐकतो, त्यामुळे रिपीटर नसेल तर शेजारी उभ्या माणसालाही काही कळणार नाही. मग स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय, जास्त ठेवली तर कमजोर आवाजही दाबते), आणि शेवटी कीलॉक (बटणांचं कुलूप). जुना ४० चॅनलचा सेट असेल तर नव्या सेटचा आवाज त्यावर बारीक येतो आणि त्याचा आवाज नव्यावर फाटून येतो, कारण जुना रुंद पट्ट्याचा आणि नवा अरुंद पट्ट्याचा. हा बिघाड नाही.

आता रिव्हर्स. हँडहेल्डचे पैसे इथेच वसूल होतात, आणि कॅरॅव्हानचा कोपरा झाडाला लागतो तोही बहुधा बोलण्यातल्या चुकीनेच. पॉवर १ वॉटवर ठेवा. इतक्या जवळून ५ वॉट लागत नाहीत आणि दोन सेट दोन-तीन मीटरच्या आत आले की आवाज घुमून शिट्टी वाजते. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच बोलायचं, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. मराठीत बोलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ यांची सुरुवात कापली की दोन्हींचं उरतं ‘वीकडे’. शिवाय डावं कुणाचं, मागे गाडीकडे तोंड करून उभ्या, वाट दाखवणाऱ्या माणसाचं की चालवणाऱ्याचं? म्हणून ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘पॅसेंजर साइड’ हेच शब्द ठरवून घ्या, आणि कॅरॅव्हानचं मागचं टोक कुठे जायला हवं ते सांगा. स्टिअरिंग कुठे फिरवायचं, ते चालवणाऱ्यावर सोडा. ‘थांब’ हाही एकदाच म्हटला तर हरवणारा शब्द आहे. ‘स्टॉप, स्टॉप, स्टॉप’ असं तीनदा म्हणावं.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: गाडी मागे येत असताना चालवणाऱ्याने बोलायचं बटण दाबायचं नाही. तो बोलत असेल तोवर त्याला काहीही ऐकू येत नाही, तुमचं ‘स्टॉप’ही नाही. विचारायचं असेल तर आधी गाडी थांबवावी. वाट दाखवणाऱ्याने सतत अंतर मोजत राहावं, ‘दोन मीटर, दीड, एक’. आवाज बंद पडला किंवा माणूस आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्स सोय इथे वापरू नये. ती इंजिनाच्या घरघरीने अडकून राहते किंवा पहिला शब्द गिळते. बोलणं संपल्यावर वाजणारा रॉजर बीपही बंद करा.

हायवेवर हँडहेल्डला खरी मर्यादा येते. स्टुअर्ट हायवेवर ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर ओढणारे ट्रक) धावतात. मागे आलेल्या चालकाशी बोलता येणं मोलाचं, आणि तो जवळ असल्याने हँडहेल्डवरही जमतं. कॅरॅव्हानच्या मागे तुम्ही ऐकत असलेल्या चॅनलचं स्टिकर हवं. चॅनल ४० वर थोडक्यात इंग्रजीत सांगायचं: तुम्हाला पाहिलंय, ओव्हरटेकला निघालात की वेग कमी करतो. तो बाहेर पडेपर्यंत वेग स्थिर ठेवा, आणि ‘रस्ता मोकळा आहे’ असं मात्र सांगू नका. तो निर्णय त्याचाच. पण समोरून अवजड रुंद माल येतोय ही त्या मालाच्या पुढे चालणाऱ्या पायलट गाडीची सूचना काही किलोमीटर आधी कानावर पडायला हवी. बंद गाडीतल्या हँडहेल्डवर ती फार उशिरा येते. या एका कारणासाठी ओढणाऱ्या गाडीत पक्का रेडिओ आणि बाहेर अँटेना आधी बसवावा, हँडहेल्डची जोडी नंतर घ्यावी. हायवेवर स्कॅन (एकामागून एक चॅनल आपोआप तपासत राहणं) चालू ठेवण्यापेक्षा ४० वर स्थिर राहिलेलं बरं, कारण स्कॅन दुसरीकडे अडकला की नेमकी सूचना निसटते.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ५ वॉट बाहेर टाकताना आतून त्याच्या जवळपास दुप्पट वीज खर्च होते, ऐकताना अगदी थोडी. दिवसभर ऐकत राहिलात तर सेट टिकतो, गप्पा मारल्या तर दुपारीच मान टाकतो. १२ व्होल्टवर किंवा यूएसबीवर चार्ज होणारा क्रेडल (सेट बसवायचा स्टँड) आहे ना, हे पाहून घ्या. २४० व्होल्टचाच चार्जर असेल तर वीज नसलेल्या मोफत कॅम्पवर तो काय कामाचा? डॅशबोर्डवर उन्हात सेट ठेवू नये आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नये, लिथियमचं आयुष्य झपाट्याने घटतं. चार्जिंगच्या खाचेला रबरी झाकण असेल तर ते नीट बसल्याशिवाय आयपी ६७ ला काही अर्थ नाही.

अर्ध्या वॉटची स्वस्त जोडी मुलांना आणि रिव्हर्सला पुरते. हौशी रेडिओसाठीचे स्वस्त आयात सेट या बँडवर बोलू शकतात म्हणून घेऊ नका. एएस/एनझेडएस ४३६५ या मानकाचा उल्लेख आणि आरसीएमची खूण (तिथल्या नियमांत बसत असल्याची) असलेलाच सेट सीबीवर वैध. त्याला वैयक्तिक परवाना किंवा शुल्क लागत नाही.

सुट्टीत भारतात जाताना ही जोडी कोकणच्या सहलीसाठी बॅगेत टाकू नका. तिथे छोट्या हँडहेल्डसाठी परवानामुक्त पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा आहे, आणि हे सेट त्याच्या बाहेर चालतात.