मिक्सरच्या खोक्यातला लाइट बॉक्स: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

वस्तूंचे फोटो काढायचा विकतचा घडीचा लाइट बॉक्स ऐन दिवाळीच्या ऑर्डरींत अर्धा विझला. वरच्या दोन एलईडी पट्ट्यांपैकी एक आधी लुकलुकायला लागली आणि मग गेलीच. विक्रेत्याचं म्हणणं असं की पट्टी ही ‘ॲक्सेसरी’, तिला वॉरंटी नाही. लाइट बॉक्समधला लाइटच ॲक्सेसरी असेल तर मी पैसे कशाचे भरले, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या घडीचे? हे मी त्यांना लेखी विचारलं. दर वेळी तोच छापील मजकूर उलट आला. शेवटी माळ्यावरून मिक्सरचा खोका काढला आणि कटर हातात घेतला.

मी घरून मोत्यांचे दागिने करून विकते. नथ, चिंचपेटी, तन्मणी, अधूनमधून ठुशी. मोती शेलचे आणि खडे काचेचे, त्यामुळे नफा बेताचाच. गिऱ्हाईक वस्तू हातात न घेता फोटोवरून पैसे पाठवतं, म्हणजे फोटो हेच माझं दुकान.

खोका कसा करायचा हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. तिन्ही बाजूंना खिडक्या कापायच्या, पण कडेला दोन बोटं पुठ्ठा ठेवायचा, नाहीतर खोका मान टाकतो. खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर. आत पांढरी कार्डशीट मागच्या भिंतीवरून खाली उतरवत आणायची. तिला घडी घालायची नाही, गोलाई ठेवायची, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. दोन्ही बाजूंना होल्डरमध्ये ९ वॅटचा एकेक एलईडी बल्ब, कागदापासून वीतभर लांब. जवळ आणला की कागदावर फक्त एक चकाकता गोळा दिसतो, मग कागद लावून उपयोग काय? जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घरात पडून असेल तर तो पडूनच राहू दे, पुठ्ठा आणि कागदाशेजारी तो भट्टीसारखा तापतो. कागद, कार्डशीट पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून, होल्डर आणि वायर तपकीर गल्लीतून. सगळं मिळून विकतच्या खोक्याच्या पावपट पैसेही लागले नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे मी जाम खूश होते.

मग नथ परत आली. ‘फोटोत खडा तपकिरी होता, हा तर लालभडक आहे.’ गिऱ्हाइकाला तपकिरीच हवा होता! मी फोनवर फोटो उघडला, शेजारी नथ धरली. खरंच, फोटोतला खडा सुकलेल्या कुंकवासारखा मेला होता. मोती ठीक, हिरवा खडा ठीक, फक्त लाल गेला.

इथून पुढे बल्बाबद्दल. घरचे म्हणतात मी या एका विषयावर फार बोलते. बोलणारच, कारण बल्बाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘६५०० केल्विन, कूल डेलाइट’ छापलेलं असतं आणि माणसाला वाटतं, दिवसाचा उजेड विकत घेतला. हा आकडा उजेड निळसर की पिवळसर एवढंच सांगतो. त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतील ते सांगणारा आकडा वेगळा, सीआरआय. तो बहुतेक बल्बांवर बारीक अक्षरांत ८० च्या आसपास लिहिलेला असतो, किंवा नसतोच. त्यातही मेख आहे. हा आकडा ठरवताना आठ फिकट रंगांवरची सरासरी घेतात, त्यात गडद लाल नाहीच. गडद लालाची परीक्षा वेगळी, तिला आर९ म्हणतात, आणि स्वस्त बल्ब नापास होतो तो नेमका तिथे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळा लेप दिला की डोळ्यांना पांढरा भासतो, पण लालाचा वाटा तुटपुंजाच राहतो. जो लाल बल्बातच नाही, तो खड्यावरून परत कुठून येणार? ॲपमध्ये लाल वाढवून पाहिला तर मोतीसुद्धा गुलाबी झाले.

दुकानदाराला ९० च्या वरचा सीआरआय मागितला तर तो म्हणाला, ‘ताई, उजेड उजेडच असतो.’ अखेर दुसऱ्या दुकानात मिळाले, साध्या बल्बाच्या दुपटीहून महाग. पैसे मोजताना जीव वर आला होता, पण पहिल्याच फोटोत खडा लाल आला. बाकी कुठेही काटकसर करा, बल्बात करू नका. आणि पडदे ओढून घ्या. एका बाजूने खिडकीचं ऊन, दुसरीकडून बल्ब असलं की नथीचा अर्धा भाग निळसर, अर्धा पिवळसर येतो आणि फोनला काहीच सुधरत नाही.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर खोक्याला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. पांढरी पार्श्वभूमी राखाडी येते तीही फोनमुळेच. एवढं पांढरं बघून तो उजेड आपणहून कमी करतो. स्क्रीनवरच्या वस्तूवर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवायचा.

आता मत बदललं ती गोष्ट. लाइट बॉक्सचं कौतुक असतं ते सावली पडत नाही म्हणून, आणि दिवाळीत मीही तेच सगळ्यांना सांगत होते. पण चिंचपेटीचे फोटो जरा मोठे करून पाहिले तर मोती सपाट, पांढरे, निर्जीव. मोत्याचं पाणी दिसतं ते उजेड आणि काळोख शेजारी असले की. चहूबाजूंनी सारखाच पांढरा उजेड आला तर त्याला दाखवायला काही उरतच नाही. म्हणून एक बल्ब बंद केला आणि त्या बाजूला आतून काळा कार्डपेपर उभा केला. प्रत्येक मोत्याच्या कडेला बारीक काळी कोर आली आणि मोती गोल दिसायला लागला. हल्ली मोत्यांसाठी मी असाच वापरते, म्हणजे ज्या गुणासाठी खोका केला तो निम्मा बंद करून.

ठुशीचं दुखणं उलट. तिच्या प्रत्येक मण्यात समोरचं सगळं दिसतं: मी, फोन, वरचा पंखा, दारात उभं राहून ‘जेवायला कधी बसायचं’ विचारणारे. खोक्याच्या तोंडावर पांढरी कार्डशीट लावून तिला फोनच्या लेन्सएवढं भोक पाडलं, तेव्हा ही गर्दी हटली. फोन फार जवळ नेऊ नका, मधला मणी फुगतो. जरा मागे सरून दुप्पट झूम करा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर पावसाळ्यात ट्रेसिंग पेपरला लाटा आल्या आणि त्या लाटा थेट ठुशीच्या मण्यांत उमटल्या. बटर पेपरही लावून पाहिला. त्याला मूळचीच पिवळी झाक, मोती जुनाट दिसतात. आता पांढरं मलमल ताणून लावलंय. मात्र ते नीळ न घातलेलं हवं, नाहीतर सगळ्या फोटोंवर निळी छटा येते. पुठ्ठ्याचा तळ ओलीने मऊ पडला होता, त्याला खालून जुन्या कॅलेंडरची पाठ चिकटवलीय.

विकतचा पुन्हा घेणार का? नाही. त्यातली पट्टी जळली तर ती बदलता येत नाही, माझा बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. एक अडचण मात्र खरी आहे: तन्मणी पूर्ण पसरून ठेवला तर लांबीला यात मावत नाही, एक टोक बाहेर राहतं. शेजारचे काका मायक्रोवेव्ह घेणार आहेत. त्यांना सांगून ठेवलंय, खोका भंगारवाल्याला देऊ नका.