बर्फात जाण्याआधी गाडी दाखवली : कोथरूडच्या गॅरेजचा अनुभव

पुण्यात आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान 1.7 अंश, तेही 17 जानेवारी 1935 चं. त्यामुळे इथल्या मेकॅनिकला उणे तापमानातल्या गाडीबद्दल काही माहीत असावं अशी अपेक्षाच चुकीची. डिसेंबरअखेरीला आमची डिझेल ब्रेझा घेऊन मनाली आणि पुढे अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला जायचं ठरलं, तेव्हा एका चकाचक वर्कशॉपमध्ये विचारलं. तिथल्या मुलाने टेफ्लॉन कोटिंगचं पत्रक हातात ठेवलं. मग नणंदेच्या सांगण्यावरून डहाणूकर कॉलनीच्या मागच्या गल्लीतल्या छोट्या गॅरेजमध्ये गेले. हा रिव्ह्यू त्या गॅरेजचा.

मालक साठीचे, बोलायला तुसडे. "कुठे चाललाय? रात्री गाडी उघड्यावर राहणार का? कूलंटमध्ये पाणी कोणी टाकलं?" या तीन प्रश्नांतच माझा जीव भांड्यात पडला, कारण बाकी कोणी इतकंही विचारलं नव्हतं.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, तपासणी बघण्यासारखी होती. त्यांच्याकडे दुर्बिणीसारखी एक नळी आहे. तिच्या टोकाच्या काचेवर कूलंटचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. त्यांनी नळी माझ्याच हातात दिली. आत वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हींच्या मधली रेघ उणे आठच्या आसपास, म्हणजे तेवढ्या थंडीत ते गोठणार. उन्हाळ्यात कमी झालं की दर वेळी कोणीतरी बिसलेरी ओतत आलं होतं, त्याचा हा परिणाम. सिस्सूला रात्री पारा याच्याही खाली जातो. आतलं पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक फोडतं. मी म्हटलं, मग पाणी न घालता नुसतं कूलंटच भरा. त्यावर मालक पहिल्यांदा हसले. नुसतं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मूळ रसायन, उणे 13 च्या आसपासच गोठतं, निम्मं डिस्टिल्ड वॉटर घातलं तर उणे 37 पर्यंत टिकतं. जुनं सगळं काढून निम्मं-निम्मं भरलं, परत नळीतून दाखवलं. मजुरीसकट 1,400 रुपये. वाजवी.

बॅटरीला यंत्र लावून चिठ्ठी काढून दिली. बॅटरीवर सीसीए म्हणून जो आकडा असतो तो उणे 18 अंशांना किती करंट मिळेल याचा. आमचा निम्म्यावर आला होता. "पुण्यात अजून वर्ष काढेल, तिथे पहाटे मान टाकेल," म्हणाले. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जोर जास्त लागतो, असा दुहेरी मार. बॅटरी बदलली, पण ती त्यांच्याकडूनच घ्या असा आग्रह नव्हता. हे मला आवडलं.

डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं. डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं हे मी वाचून गेले होते. लडाखसाठी 2019 पासून उणे 33 पर्यंत वाहणारं वेगळं डिझेल मिळतं, तेही त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "मॅडम, पुण्याचं डिझेल तुम्ही मनालीपर्यंत नेताय कशाला? वरची टाकी वरच भरा." खरंच, दोन हजार किलोमीटरमध्ये ते कधीच संपतं.

आता बर्फात पकड राहावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या. गॅरेजमध्ये मिळत नाहीत, मी ऑनलाइन मागवल्या. टायरच्या कडेवरचं 215/60 आर 16 बघून तेवढ्याच मापाच्या. ब्रेझाची ओढ पुढच्या चाकांना, म्हणून साखळ्याही पुढेच. मालकांनी गाडी बाजूला लावून, हातमोजे घालून मला त्या चढवायला लावल्या. शेजारच्या सायकलवाल्याने विचारलं, "सिंहगडावर बर्फ पडला का?" पण ती रंगीत तालीम नसती तर मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे पोलिसांनी थांबवल्यावर, बोटं बधिर असताना, माझ्याच्याने झालं नसतं. बोगद्याच्या 9.02 किलोमीटर कोरड्या रस्त्यात त्या काढाव्या लागल्या, पलीकडे परत घातल्या. त्या घालून ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचं नाही.

आता तक्रारी. काच धुण्याच्या टाकीत त्यांनी साधं पाणी आणि शाम्पू भरला. मनालीत सकाळी नोझल गच्च. एवढा बारकाईने बघणारा माणूस, आणि हे सुटावं? टायरच्या हवेबद्दलही चकार शब्द नाही. तापमान पाच-सहा अंश उतरलं की हवेचा दाब एक पीएसआय उतरतो, म्हणजे पुण्यातली 33 तिथे पहाटे 27 च्या आसपास येते. मी हवेचा छोटा पंप नेला होता म्हणून निभावलं. हँडब्रेक रात्री ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा, हे सिस्सूच्या होमस्टेवाल्या भाऊंनी सांगितलं. ओलावा गोठून मागचे ब्रेक चिकटतात.

चालवण्याबद्दल कोणतंही गॅरेज काय शिकवणार म्हणा. ज्या वळणावर ऊन पोचत नाही तिथला काळाभोर, ओला दिसणारा डांबरी तुकडा म्हणजे बहुतेक बर्फच. दुसऱ्या गिअरवर उचलायची, उतारावर खालच्या गिअरवर सोडायची, ब्रेकवर पाय आदळायचा नाही. आमच्या पुढच्या टॅक्सीने नेमकं तेच केलं आणि ती आडवी होऊन कठड्यापाशी थांबली. बर्फात अडकून हीटर लावून बसायची वेळ आली तर आधी सायलेन्सरसमोरचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आतच येतो. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी गाड्यांमध्ये अडकलेली माणसं गेली, ती बातमी विसरण्यासारखी नाही.

पाचपैकी चार तारे. उणे दहाच्या पहाटे डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचं डॅशबोर्डवरचं चिन्ह विझू दिलं, चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. एक तारा काचेच्या पाण्याचा आणि हवेचा कापला.

जाणार असाल तर आठवडाभर आधी फोन करून जा, ऐन वेळी घेत नाहीत. गुरुवारी बंद. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर मांजर असते.