विंडोज ऍक्टिव्हेट करायला गेले आणि ५४,८९९ रुपये गेले

हे मोठं झालंय पण पूर्ण वाचा आणि घरात जो कोणी कॉम्प्युटरवर बसतो त्याला वाचून दाखवा, एवढ्यासाठीच लिहितेय. मी नाशिकला सिडकोत राहते, घरूनच आठ-दहा दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते, दोन किराणावाले, एक गॅरेजवाले, एक भांडीबाजारातले काका असे, त्यामुळे कॉम्प्युटर म्हणजे माझं दुकानच आहे.

जुलै २०२४ मध्ये जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवीन असेंबल करून घेतला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला घरी आला, ही तारीख पुढे लागणार आहे म्हणून सांगतेय. एमजी रोडच्या बाजूचं दुकान, नाव लिहीत नाही. बिलात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट सगळं व्यवस्थित होतं आणि शेवटी तोंडी १,२०० रुपये वेगळे, "ताई ओरिजिनल विंडोज टाकून देतो, लाइफटाइम टेन्शन नाही". त्या १,२०० चं बिल त्याने दिलं नाही आणि मी मागितलं नाही. दिवसभर लोकांना बिलं मागणारी मी, आणि स्वतःच्या वेळेला गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

सहा महिने काही त्रास नाही. मग जानेवारीत, तिळगुळाची तयारी चालली होती तेव्हा, स्क्रीनवर निळी चौकट यायला लागली की तुमचं विंडोजचं लायसन्स लवकरच एक्सपायर होणार, सेटिंग्जमध्ये जाऊन ऍक्टिव्हेट करा. बंद करायची, परत यायची. संक्रांत झाली आणि १५ तारखेला सकाळी बघते तर उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरात "ऍक्टिव्हेट विंडोज" कायमचं येऊन बसलं, सेटिंग्जमध्ये लाल अक्षरात एरर, ०एक्ससी००४एफ०७४. आणि २२ तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख! माझ्या डोक्यात एकच, आता कॉम्प्युटर लॉक होणार, लोकांच्या फायली आत अडकणार.

हे चूक होतं. विंडोज ऍक्टिव्हेट नसलं तरी कॉम्प्युटर चालतो, फायली उघडतात, इंटरनेट चालतं, रिटर्न भरता येतो. कोपऱ्यात ती अक्षरं राहतात आणि वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत, एवढंच. डेटाला काही होत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी शांतपणे २२ तारीख उरकली असती आणि नंतर बघितलं असतं. फसवणाऱ्यांना आपली घाईच पाहिजे असते.

मी काय केलं, मोबाईलवर सर्च केलं, विंडोज ऍक्टिव्हेशन हेल्पलाइन नंबर. सगळ्यात वर जे आलं त्यावर विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीसारखाच चार रंगांचा चौकोन, मोठ्या अक्षरात नंबर. त्याच्या वर बारीक "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं होतं म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती, ते मी नंतर पाहिलं. लावला फोन.

एकदम गोड बोलणारा माणूस, हिंदीत, "मॅडम घबराइए मत". एरर नंबर विचारला, मी वाचून दाखवला, त्यामुळे मलाच वाटलं की बरोबर ठिकाणी लागलाय फोन. मग एक ऍप टाकायला लावलं ज्याने समोरचा आपली स्क्रीन बघू शकतो आणि माउसही चालवू शकतो, त्यावर जो नऊ आकडी नंबर आला तो त्याला सांगितला. माउस आपोआप हलायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक खिडकी उघडली, त्यात लाल गोल आणि पिवळे त्रिकोण, खाली खाली नुसती रांग, म्हणाला हे सगळे व्हायरस आहेत, यांनी तुमचं लायसन्स खाल्लं. माझे हात गार पडले. आता मला माहीत आहे की ते लाल-पिवळं कुठल्याही कॉम्प्युटरवर असतं, अगदी नव्याकोऱ्यावर सुद्धा, एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली, प्रिंटर सापडला नाही, अशा बारीकसारीक नोंदी असतात त्या. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा आणि आजच बघून ठेवा, म्हणजे कोणी दाखवलं तर घाबरणार नाही.

लाइफटाइम लायसन्स ४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, ५,८९९ झाले. यूपीआयने दिले. पैसे घेणाऱ्याचं नाव म्हणून एका बाईचं नाव आलं, कंपनीचं नाही, मी विचारलं तर म्हणे अकाउंट्सच्या मॅडम आहेत. दहा मिनिटात कोपऱ्यातली अक्षरं गेली आणि मेलवर बिल आलं.

त्या बिलाबद्दल सांगायलाच पाहिजे. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७. माझ्या रोजच्या कामातली गोष्ट. त्या बिलावरचा नंबर १४ अक्षरी होता. पत्ता मुंबईचा आणि नंबरची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. दुसऱ्या कोणाचं बिल असतं तर मी दोन सेकंदात पकडलं असतं. पण काम झालं या आनंदात ते मी न वाचताच फोल्डरमध्ये टाकलं.

तीन दिवसांनी, शनिवारी १८ तारखेला संध्याकाळी सातला परत फोन. तुमचं पेमेंट आमच्या सिस्टीमला चढलं नाही, लायसन्स आज रात्री बंद होईल, आम्ही तुम्हाला पैसे रिफंड करतो मग तुम्ही परत भरा. घरात गडबड, हे अंबडला सेकंड शिफ्टला, सासूबाईंची आरती चाललेली, कुकरच्या शिट्ट्या. तो म्हणाला नेट बँकिंग उघडा, रिफंड आला का बघू. ते स्क्रीनवालं ऍप मी काढलंच नव्हतं आणि त्याने पहिल्याच दिवशी त्यात पासवर्ड लावून ठेवला होता, म्हणजे मी परवानगी न देता त्याला कधीही आत येता येत होतं. मी लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली. सर्व्हर अपडेट होतोय म्हणे, मोबाईलवर रिफंडचा कोड येईल तो सांगा.

कोड आला, मी सांगितला. परत आला, परत सांगितला. तिसरा आला तेव्हा मोबाईल मुलाच्या हातात होता, तो आकडे वाचायच्या आधी म्हणाला, "आई, यात डेबिट लिहिलंय. २४,५००."

ते प्रत्येक मेसेजमध्ये लिहिलेलं होतं. आपण फक्त सहा आकडे बघतो आणि वरची ओळ वाचत नाही, त्या ओळीतच सगळं असतं, किती पैसे आणि कोणाला. पैसे यायचे असतील तर ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिन लागत नाही, कधीच नाही. मुलाने धावत जाऊन राऊटरचं बटण बंद केलं, मी कॉम्प्युटरचा प्लगच उपटला. फोनवरचा माणूस ओरडायला लागला, तोपर्यंत गोड बोलणारा तोच माणूस, आवाज एकदम दुसरा. तिसरे २४,५०० वाचले. आधीचे दोन गेले, म्हणजे ४९,०००.

मी पाच-सात मिनिटं नुसती बसून राहिले, यांना काय सांगू, याच विचारात. ती मिनिटं वाया घालवू नका. १९३० नंबर लावा, सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच आहे. मला तिसऱ्या वेळी लागला. बँकेचं नाव, खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर विचारतात, मेसेज समोर ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार पूर्ण करायची, तिचा पोच नंबर येतो तो जपून ठेवायचा. त्याच वेळी बँकेलाही फोन, पण नंबर एटीएम कार्डाच्या मागचा, परत सर्च करून नाही. आमच्या ओळखीतल्या एकांनी बँकेचा नंबरही असाच शोधला आणि दुसऱ्यांदा फसले.

सोमवारी बँकेत गेले तर साहेब म्हणाले ओटीपी तुम्हीच दिला ना. तेही तेव्हाच्या नियमात होतं, रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर होतं, ग्राहकाने स्वतः कोड किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवण्याची वेळ महत्त्वाची, किती वाजता कोणाशी बोललात, तक्रार नंबर काय, लिहून ठेवा. सायबर पोलीस ठाण्यात मात्र नीट ऐकून घेतलं, तिथल्या मॅडमनी मला आधी पाणी दिलं. बाकावर माझ्या शेजारी एक रिटायर्ड काका बसले होते, त्यांची कथा जवळजवळ हीच, फक्त प्रिंटरची.

मुळात लायसन्स का गेलं हे भाच्याने सांगितलं, तो इंजिनिअरिंगला आहे. मोठ्या कंपन्या, कॉलेजं शेकडो कॉम्प्युटर घेतात, त्यांना एकेक की, म्हणजे लायसन्सचा नंबर, टाकत बसायला नको म्हणून एक सर्व्हर असतो, केएमएस म्हणतात, तो सगळ्यांना ऍक्टिव्हेट करतो, पण १८० दिवसांसाठीच. कॉम्प्युटरने अधूनमधून त्या सर्व्हरला हाक मारून मुदत वाढवून घ्यायची असते. आमच्या दुकानदाराने तसला नकली सर्व्हर वापरून माझं मशीन चालू करून दिलं. घरी आल्यावर सर्व्हर कुठे सापडणार? तो एफ०७४ चा एरर म्हणजे तेच, सर्व्हर सापडत नाही. भाच्याने बोटावर मोजलं, १८ जुलैपासून १८० दिवस, १४ जानेवारी. बरोबर संक्रांत.

आणि ५,८९९ घेणाऱ्याने काय केलं होतं? तेच. परत १८० दिवस.

तुमच्या घरचं बघायचं असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबा, छोटी चौकट येते, त्यात इंग्रजीत एस एल एम जी आर, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि एक्स पी आर टाइप करून एंटर. कायमचं ऍक्टिव्हेट आहे असं आलं तर उत्तम, तारीख आली तर समजा. एक्स पी आर च्या जागी डी एल आय टाकलं तर लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे ते दिसतं, रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, किंवा ओईएम, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आलेलं, असेल तर घरच्या कॉम्प्युटरला बरोबर, व्हॉल्यूम केएमएस क्लायंट दिसलं तर दुकानदाराला जाऊन विचारा. ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर त्याची की मदरबोर्डमध्येच असते, त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये कॉल करा म्हणून फोन नंबर कधी नसतो आणि ते स्वतःहून कोणाला फोन करत नाहीत.

मी दुकानात गेले होते. तो म्हणाला, "ताई, सगळेच असं टाकतात, हजार-बाराशेत ओरिजिनल येतं का कुठे?" मग तेव्हा ओरिजिनल म्हणून का सांगितलं, याला उत्तर नाही. १,२०० परत दिले, तेही मी काउंटरसमोरून हलले नाही म्हणून.

भाच्याने सगळं फॉरमॅट केलं, फायली आधी पेनड्राइव्हवर काढल्या, सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलले, आणि पक्कं लायसन्स बिलासकट घेतलं. हे एका शब्दाने बोलले नाहीत, उलट दोन दिवस सुट्टी काढून माझ्याबरोबर फिरले. थ्रीबी २२ तारखेच्या आत भरल्या, बहिणीच्या कॉम्प्युटरवरून, इंदिरानगरला बसून.

पैशांचं म्हणाल तर लगेच १९३० लावल्यामुळे दुसरे २४,५०० समोरच्या खात्यात अडकवून ठेवता आले, ते होल्डवर आहेत, कोर्टाची ऑर्डर झाली की मिळतील असं सांगितलंय. पहिले २४,५०० आणि ५,८९९ निघून गेले होते. ऑर्डरसाठी अर्ज दिलाय, तक्रारीची प्रत, बँकेचं स्टेटमेंट आणि आधार जोडून. मागच्या आठवड्यात विचारायला गेले तर अजून नंबर लागला नाही म्हणाले, परत सोमवारी जाणार आहे.