हिशेबाची वही की खर्चाची पाकिटे?

घरातील काटकसर म्हटली की रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणे, गळका नळ वेळेवर दुरुस्त करून घेणे, यादी केल्याशिवाय खरेदीला न निघणे, वस्तू टाकून देण्याआधी ती दुरुस्त होते का हे पाहणे, अशा सवयी डोळ्यांपुढे येतात. त्या चांगल्याच आहेत आणि त्यांच्याविषयी वाद घालण्यासारखे काही नाही. अडचण पुढची आहे. विजेचे बिल कमी आले म्हणून महिनाअखेरीस तेवढी रक्कम हातात उरते, असे सहसा घडत नाही. एका वाटेने वाचलेला पैसा दुसऱ्या वाटेने निघून जातो आणि तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून या लहानसहान सवयींच्या जोडीला पैशाचा माग ठेवणारी एखादी सवय असावी लागते, आणि तेथे प्रामुख्याने दोन पर्याय समोर येतात: झालेला प्रत्येक खर्च वहीत लिहून ठेवायचा, किंवा महिन्याच्या सुरुवातीलाच रक्कम वेगवेगळ्या पाकिटांत घालून त्या त्या पाकिटापुरताच खर्च करायचा. आमच्या घरात या दोन्ही पद्धती पुरेसा काळ चालल्या आहेत आणि त्यांपैकी एक अजूनही चालते.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींना समान आहे, ती आधी सांगून टाकतो. बचतीची रक्कम महिन्याच्या शेवटी जे उरेल त्यातून काढायची नसते, उत्पन्न हाती येताच ती बाजूला करायची असते. हे जमले नाही तर वही आणि पाकिटे दोन्ही निरुपयोगी ठरतात. पुढचे सर्व विवेचन त्यानंतर उरलेल्या, म्हणजे घर चालवण्यासाठी ठेवलेल्या रकमेविषयी आहे.

वहीची परंपरा मोठी आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची वही तयार केली, आणि ‘काकेबो’ या नावाने ती पद्धत आज जपानबाहेरही ओळखली जाते. मात्र ही पद्धत नुसत्या नोंदींची नव्हती. महिना सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बाबीचा अंदाज मांडायचा आणि मग प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडून पाहायचा, हा तिचा गाभा होता. आपल्यापैकी बहुतेकजण त्यातला नोंदींचा अर्धा भाग उचलतात आणि अंदाजाचा अर्धा भाग सोडून देतात, असे माझे निरीक्षण आहे. तरीही त्या अर्ध्या भागाचे मोल कमी नाही. वहीमुळे ज्या गोष्टी उघड्या पडतात त्या दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दिसत नाहीत. कोणीही वापरत नसलेल्या सेवेची वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जात आहे. घरात असलेली वस्तू सापडली नाही म्हणून ती पुन्हा विकत घेतली गेली आहे. मुदतीनंतर बिल भरल्याने दंड बसला आहे आणि तो भरणाऱ्याने निमूटपणे भरला आहे. घरपोच मागवण्याचे शुल्क एकेकटे नगण्य असले तरी महिन्याची बेरीज नगण्य नाही. हे सारे वहीने आम्हाला दाखवले, आणि त्यासाठी मी तिचा ऋणी आहे.

वहीचा पहिला दोष ‘किरकोळ’ या सदरात दडलेला असतो. नोंद करताना आठवत नाही, आठवले तरी ते कोणत्या बाबीत घालावे हे उमजत नाही, दिवसाची बेरीज तर जुळवायची असते. मग फरकाची रक्कम ‘किरकोळ’ म्हणून लिहिली जाते. सुरुवातीला हे सदर सर्वांत लहान असते. ज्या महिन्यात ते पहिल्या तीन-चार मोठ्या सदरांत येऊन बसते, त्या महिन्यापासून वहीने सांगणे थांबवले आहे असे समजावे. पण हा दोष सुधारता येण्यासारखा आहे आणि केवळ त्यासाठी मी वही सोडली नसती.

पाकिटांची कल्पना याहून साधी आहे आणि तिच्यामागील मनाचा व्यवहार अर्थशास्त्रज्ञांनीही तपासलेला आहे. हिशेबाच्या दृष्टीने पैसा हा पैसाच. दुरुस्तीसाठी ठेवलेली नोट आणि करमणुकीसाठी ठेवलेली नोट यांत फरक नाही. माणसाचे मन मात्र तसे मानत नाही, ते पैशाची मनातल्या मनात खाती पाडते आणि एका खात्यातला पैसा दुसरीकडे वळवताना कचरते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली या प्रवृत्तीची मांडणी केली, आणि २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा त्यांच्या या कामाचाही उल्लेख झाला. तर्काच्या दृष्टीने ही प्रवृत्ती एक दुबळेपणच आहे. पाकिटांची पद्धत त्या दुबळेपणाला कामाला लावते, एवढेच.

रोख रकमेचाही यात वाटा आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवल्या होत्या. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे ज्यांना सांगितले होते त्यांच्या बोली रोखीने देणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास गेल्या. तिकिटाची बोली आणि साबणाची खरेदी यांत अंतर आहे, हे मान्य करूनही माझा अनुभव त्याच दिशेचा आहे. पाकिटातून नोट काढताना मागे किती उरल्या हे बोटांना कळते, आणि महिन्याच्या वीस तारखेला पाकीट पातळ लागले की हात आपोआप आखडतो. हे मी कधी मोजून पाहिलेले नाही, त्यामुळे त्याला आकड्याचा आधार देता येणार नाही. पण घरातील इतरांचेही मत असेच आहे.

पाकिटे करताना एका ठिकाणी बहुतेकांचा हिशेब चुकतो. आठवड्याच्या खर्चासाठी महिन्याच्या रकमेचे सरळ चार भाग पाडले जातात, आणि २८ तारखेनंतरचे दोन-तीन दिवस उपाशी राहतात. वर्षात महिने १२ असले तरी आठवडे ५२ असतात, ४८ नव्हेत. म्हणून महिन्याच्या रकमेला १२ ने गुणून ५२ ने भागावे आणि येणारी रक्कम आठवड्याच्या पाकिटात घालावी. वाटपाचा वार ज्या महिन्यात चारदा येतो त्या महिन्यात थोडी रक्कम मागे उरते आणि तीच पाच वेळा येणाऱ्या महिन्याला उपयोगी पडते. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचे, म्हणजे विम्याचा हप्ता, शाळेची फी, घराची मोठी दुरुस्ती यांचे पाकीट वेगळे ठेवावे आणि त्यात दर महिन्याला अंदाजाचा बारावा भाग टाकावा. वहीत असा खर्च ज्या महिन्यात येतो तो महिना उगाचच बदनाम होतो आणि उरलेले ११ महिने खोटा दिलासा देतात.

आता ज्या एका त्रासामुळे माझ्यापुरता निर्णय झाला, त्याकडे येतो. वही एकट्या माणसासाठी उत्तम आहे, पण घर एकट्याचे नसते. खर्च चौघे करतात आणि वही एकजण लिहितो, त्यामुळे त्या एकाला रोज संध्याकाळी उरलेल्या तिघांना विचारावे लागते. आमच्याकडे हे काम माझ्याकडे होते. पत्नीला विचारताना संकोच नव्हता, कारण तीही मला तेच विचारू शकत होती. मुलीला विचारताना प्रश्नाचा सूर कितीही सौम्य ठेवला तरी तो तिला झाडाझडतीचाच वाटत असे. आणि वडिलांना विचारणे हे तर सर्वांत अवघड होते. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवले, आमच्या शिक्षणाचा खर्च कोठून कसा उभा केला हे आम्हाला कधी कळूही दिले नाही, त्यांच्यासमोर वही आणि पेन घेऊन बसायचे आणि म्हणायचे, “बाबा, आज किती खर्च झाला?” ते पहिले काही दिवस खिशातून पावत्या काढून समोर ठेवीत. नंतर “लिही काहीतरी” असे म्हणू लागले. पुढे पुढे त्यांनी बाहेरून येताना काही आणणेच कमी केले.

त्याहून वाईट म्हणजे नोंदी खऱ्या राहिल्या नाहीत. कोणी खोटे बोलत होते असे मला म्हणायचे नाही. पण एखादी गोष्ट घेतली आणि तिचे स्पष्टीकरण देण्याचा कंटाळा आला, की माणूस ती वहीत येऊ देत नाही. स्वतःच्या जवळच्या पैशांतून भागवतो, दोन वस्तूंची किंमत एकत्र सांगतो किंवा विसरल्याचे सांगतो. मुलीच्या दप्तरात मला एकदा नवी रंगपेटी दिसली, जी वहीत कोठेही नव्हती. ती तिने आजोबांकडून घेतली होती, आणि आजोबांनी ती ‘औषधे’ या बाबीत बसवली होती. दोघांचेही चुकले असे मला वाटले नाही. ज्या पद्धतीत आजोबांना नातीसाठी घेतलेली रंगपेटी लपवावी लागते, ती पद्धत आमच्या घरासाठी नव्हती.

पाकिटांत हा प्रश्न उद्भवत नाही. महिन्याच्या सुरुवातीला सर्वजण मिळून रकमा ठरवतात, वाद होतात ते तेव्हाच होतात, आणि त्यानंतर कोणी कोणाला जाब विचारत नाही. वडिलांचे स्वतःचे पाकीट आहे आणि त्यातील रकमेचे ते काय करतात हे विचारण्याची सोयच नाही. सामाईक पाकिटे कपाटाच्या एकाच कप्प्यात असतात आणि ती सर्वांना सारखीच जाड किंवा पातळ दिसतात. पैसे संपत आले आहेत हे सांगणारा एकजण आणि ऐकणारे तिघे, ही विभागणीच राहिली नाही. यातून वहीपेक्षा अधिक बचत झाली का, याचे उत्तर छातीठोकपणे देणे कठीण आहे, कारण शेवटी शेवटी वहीतले आकडेच विश्वासार्ह नव्हते. परंतु वर्षाच्या पाकिटामुळे मोठ्या खर्चासाठी उसनवारी करण्याची वेळ आली नाही, एवढे मात्र नक्की सांगता येईल.

पाकिटांचे तोटे नाहीत असे नाही. घरात रोख रक्कम ठेवण्याची जोखीम असते, सुट्ट्या पैशांची ओढाताण असते, आणि एका पाकिटातून दुसऱ्यात उचल करण्याचा मोह तर कायमच असतो. आम्ही उचल केली की त्या पाकिटात रकमेची चिठ्ठी टाकतो. चिठ्ठ्या वाढल्या की त्या बाबीची रक्कम मुळातच कमी ठरली होती हे कळते. आजकाल बरेच व्यवहार मोबाइलवरून होतात, ही अडचण याहून मोठी आहे. त्यावर मार्ग म्हणून मोबाइलशी जोडलेल्या खात्यात आठवड्यापुरतीच रक्कम ठेवावी आणि बाकीची दुसऱ्या खात्यात राहू द्यावी. हे बऱ्यापैकी चालते, फक्त बोटांना लागणारा पातळपणा तेथे मिळत नाही. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्डावर चढ्या व्याजाची थकबाकी असताना वर्षाच्या पाकिटात रक्कम साठवत बसणे म्हणजे मनाच्या खात्यांनी आपल्यालाच फसवणे होय. तेथे आधी थकबाकी फेडावी, मग पाकिटे करावीत.

एकटे राहणाऱ्यांना, आणि पैसा नेमका कोठे जातो याचा काहीच अंदाज नसलेल्यांना, मी वहीच सुचवेन. ज्यांचे उत्पन्न दर महिन्याला बदलते त्यांनाही पाकिटे सुरुवातीला जड जातील. त्यांनी या महिन्यात आलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पाकिटांत घालण्याची व्यवस्था जमवता आली तर पाहावी, मात्र त्यासाठी एका महिन्याचा खर्च आधी साठवावा लागतो. ज्या घरात खर्च करणारे हात एकाहून अधिक आहेत, त्यांनी माझ्या मते पाकिटांना झुकते माप द्यावे. अर्थात रकमा हवेतून ठरवता येत नाहीत, त्यामुळे एक-दोन महिने वही ठेवून, आणि ती तेवढ्यापुरतीच आहे असे घरात सर्वांना आधीच सांगून, मग पाकिटांकडे वळणे सोयीचे पडते. सुरुवातीला पाच-सहा पाकिटे पुरेत. प्रत्येक लहान गोष्टीसाठी वेगळे पाकीट केले की सारा वेळ उचल आणि चिठ्ठ्या यांतच जातो. वर्षाचे पाकीट आणि पाचव्या आठवड्यासाठी मागे ठेवलेली रक्कम सोडून, महिनाअखेरीस पाकिटात जे उरेल ते त्याच दिवशी बचतीत जमा करावे, पुढच्या महिन्याच्या पाकिटात मिसळू नये. तसे मिसळले की पुढच्या महिन्यात पाकीट जाड लागते आणि हात पुन्हा सैल होतो.