रूट ६६ची पत्र्याची पाटी : घ्या, पण मागची बाजू आधी रंगवा

रूट ६६ म्हणजे अमेरिकेतला जुना हायवे; त्याच्या क्रमांकाच्या पाटीची ही बारा इंची नक्कल, तिकडच्यासारखी ढालीच्याच आकारात कापलेली. साडेआठशेला ऑनलाइन मागवली, कुडाळजवळ हायवेला लागून भाच्याची खानावळ आहे तिथल्या भिंतीसाठी. "मामानू, आपलो रस्तो पण सहासष्टच मां?" म्हणाला. खरंच आहे. जुना एनएच १७ नव्या क्रमांकांत ६६ झाला, पनवेल ते कन्याकुमारी. अमेरिकेतला ६६ शिकागो ते सांता मोनिका, १९२६चा. १९८५मध्ये तो अधिकृत यादीतून काढला, तरी लोकांचा जीव अजून त्यावरच.

मी बोर्ड पेंटर, त्यामुळे आधी अक्षरं बघतो. ही नुसती छापलेली नाहीत, पत्र्यातून उठवलेली आहेत. तिकडच्या जुन्या पाट्या अशाच साच्यात दाबून काढत. उठलेल्या अक्षरांवर काळा रोलर फिरवला की झालं, एकेक अक्षर भरत बसायला नको. वर राज्याचं नाव 'ॲरिझोना', खाली आडवी रेघ, मग 'यू एस' आणि ६६, ही मांडणीही अस्सल. १९६१च्या नियमांनी राज्याचं नाव आणि 'यू एस' काढून टाकलं; काळ्या चौकोनात पांढरी ढाल आणि आकडा एवढंच ठेवलं. पुष्कळ विक्रेते ही दोन्ही रूपं एकत्र कालवतात. इथे तसं झालेलं नाही, म्हणून मला ही पाटी मनापासून आवडली.

खटकला तो छापलेला गंज. खरा गंज कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून शिरतो, पावसात खाली ओघळतो. इथे तो मधेच ठिपक्याठिपक्यांनी पसरलाय. तळाला बारीक अक्षरांत '१९२६पासून' असंही घातलंय, ते रस्त्यावरच्या पाटीवर कधीच नसतं.

मागची बाजू कोरी, प्रायमरसुद्धा नाही. आपल्या खाऱ्या हवेत हे चालणार नाही. पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, कडांना जरा जास्त. सोबत आलेले स्क्रू वापरू नका, स्टेनलेसचे घ्या. जांभ्याची भिंत असेल तर मागे रबरी वॉशर घालाच, नाहीतर भिंतीची ओल थेट पत्र्यात उतरते.

आणि लावा उंचावर. अमेरिकेत ६६च्या पाट्या इतक्या चोरीला गेल्या की काही ठिकाणी ढाल थेट डांबरावर रंगवलीय. तसलं काम हाताखालून जावं असं फार वाटतं मला.

सपाट छपाईची पाटी थोडी स्वस्त मिळते. ती घेऊ नका, उठावाचीच घ्या.