जुन्या टू-स्ट्रोक जेट स्कीचं "इंजिन काम" झालं, पण सिलिंडर कधी उचललाच नव्हता

माझी जेट स्की नव्वदच्या दशकातली आहे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. जुनी मशीन घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण मला जसं फसवलं तसं कोणालाही फसवता येतं, आणि त्यासाठी फक्त एक कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं घड्याळ) पुरतं.

सुरुवात अशी झाली की मशीन चालू व्हायची, हळू स्पीडला छान चालायची, पण पूर्ण थ्रॉटल दाबला की दबायची, घुसमटल्यासारखी, आणि थ्रॉटल थोडा सोडला की परत सावरायची. मेकॅनिककडे नेली. त्याने एक स्पार्क प्लग काढला, गेज लावला, दोन-तीनदा स्टार्टर मारला, काटा दाखवला, ९५ पीएसआय (दाबाचं एकक). दुसऱ्यालाही तसंच, ९५ ते १०० च्या मध्ये. म्हणाला, "साहेब, रिंग-पिस्टन गेलेत, बोअर मारावा लागेल, असंच चालवाल तर क्रँक पण जाईल." (बोअर मारणं म्हणजे सिलिंडर आतून कोरून थोडा मोठा करणं, आणि क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा.) असल्या इंजिनला १५० पीएसआयच्या आसपास यायला पाहिजे हे मला वाचून माहीत होतं, त्यामुळे ९५ बघून माझा धीरच सुटला आणि मी हो म्हणालो.

त्या टेस्टमध्ये काय काय चुकीचं होतं ते मला नंतर कळलं आणि तेच मला सगळ्यांना सांगायचंय. कॉम्प्रेशन बघताना दोन्ही प्लग बाहेर पाहिजेत, त्याने एकच काढला होता. थ्रॉटल पूर्ण दाबून धरायला पाहिजे, नाहीतर इंजिनला हवाच पुरेशी मिळत नाही, त्याने लिव्हरला हातही लावला नव्हता. बॅटरी फुल चार्ज पाहिजे, माझी बरेच दिवस पडून असलेली, स्टार्टर रेंगाळत फिरत होता. आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवायचं असतं, त्याने दोन-तीन झटक्यांत बटण सोडलं. गेजची नळी लांब असेल आणि तिचा व्हॉल्व प्लगच्या टोकाला नसून घड्याळाजवळ असेल तरीही आकडा कमी दिसतो, त्याचा गेज तसाच होता. हे सगळं एकत्र आलं की ठणठणीत इंजिनसुद्धा मेलेलं दाखवता येतं. (इंजिन फिरवताना काढलेल्या प्लगच्या वायर अर्थ करून, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडून ठेवा, नाहीतर इग्निशन बॉक्सला धोका असतो.)

अजून एक गोष्ट, जी मला तेव्हाच खटकायला हवी होती. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन खरंच एवढं पडलेलं असेल तर इंजिन सकाळी थंड असताना चालू व्हायलाच त्रास देतं, हळू स्पीडलाही दम राहत नाही. माझी एका झटक्यात चालू व्हायची. फक्त वरच्या स्पीडला दबणारं इंजिन बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय असं सांगत असतं. ते तपासायची सोपी खूण म्हणजे दबत असताना चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) थोडा ओढायचा, तेवढ्याने जोर आला तर मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, हे नक्की. हे करायला काहीही खोलावं लागत नाही आणि त्याने ते केलं नाही.

मशीन परत आली तेव्हा हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) चकचकीत रंगवलेलं, नवे प्लग, बिलावर दोन पिस्टन, दोन रिंग सेट, दोन्ही सिलिंडर बोअरिंग, गास्केट सेट. जुने पिस्टन मागितले तर म्हणाला भंगारात गेले. पहिल्या दिवशी खरंच चांगली पळाली, त्यामुळे माझा विश्वास बसला. ती का पळाली तेही नंतर समजलं, पेट्रोल फिल्टर त्याने धुतला होता, बस.

तिसऱ्या वेळी पाण्यात उतरवली तेव्हा परत तेच दबणं सुरू झालं. मी फोन केला. तो म्हणाला नवीन इंजिन आहे, टाइट आहे, रन-इन होऊ द्या, चालवत राहा. मी चालवत राहिलो. थोड्याच वेळात फुल थ्रॉटलवर आवाज बदलला आणि मशीन एकदम थांबली, स्टार्टर फिरेना. किनाऱ्यापर्यंत ढकलत आणली. मागचा सिलिंडर सीझ झाला होता, म्हणजे पिस्टन आत अडकून बसला होता. सगळ्यात जास्त राग मला ह्याच फोनचा आहे. पहिलं खोटं पैशाचं होतं, पण ह्या खोट्याने चांगलं इंजिन मारलं.

दुसऱ्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर खोललं आणि आधी मला खाली बोट दाखवून नट बघायला सांगितले. सिलिंडर ज्या नटांनी क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या भागावर) बसतो त्यांच्यावरचा कंपनीचा रंग जसाच्या तसा होता, सांध्यावर सलग, कुठेही पाना लागल्याची खूण नाही. म्हणजे सिलिंडर कधी उचललाच नव्हता, आणि तो उचलल्याशिवाय बोअरही मारता येत नाही, पिस्टनही बदलता येत नाही. फक्त हेड उघडून पिस्टनची डोकी खरवडून साफ केली होती. सिलिंडर काढल्यावर उरलेली खात्री पण झाली, पिस्टन स्टँडर्ड साइझचे होते, बोअर मारल्यावर ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागतो आणि बहुतेक पिस्टनवर तो साइझ कोरलेला असतो. पिस्टनच्या पोटात जळलेल्या ऑइलचा जाड तपकिरी थर होता, तो काही तासांत बसत नाही.

त्याआधी, हेड उघडायच्या आधीच, ह्या दुसऱ्या मेकॅनिकने पुढच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघायचं ठरवलं होतं, मागचा पिस्टन थोडा सोडवून इंजिन फिरतं केलं, नवी बॅटरी, थ्रॉटल पूर्ण उघडा. १४५ आलं. मग थ्रॉटल बंद, जुनी बॅटरी, दोन झटके, काटा १०० पर्यंत पण गेला नाही. मी तिथेच बसलो खाली. ज्या सिलिंडरला मेलेला म्हणून माझ्याकडून पैसे घेतले तो कधी आजारीच नव्हता.

खरा आजार पेट्रोलच्या नळ्यांमध्ये होता. त्या काळातल्या काही जेट स्कींना करड्या रंगाच्या नळ्या यायच्या, वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून त्या आतून विरघळतात आणि हिरवट चिकट राड तयार होते. ती राड कार्बोरेटरच्या आत जी छोटीशी जाळी असते तिथे जाऊन बसते. बाहेरून काही दिसत नाही, टाकीचा फिल्टर धुऊन स्वच्छ केला तरी जाळी मात्र अर्धी बुजलेलीच. हळू स्पीडला पेट्रोल पुरतं, फुल थ्रॉटलला पुरत नाही, मिश्रण लीन होतं, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासतो. माझ्या मागच्या कार्बोरेटरची जाळी जवळजवळ पूर्ण हिरवी होती. म्हणजे मुळात काम होतं ते सगळ्या नळ्या बदलणं, पेट्रोलचा सिलेक्टर व्हॉल्व (चालू-बंद-रिझर्व्हचा कॉक) बदलणं आणि दोन्ही कार्बोरेटरना दुरुस्तीचं किट टाकणं, एवढंच.

आता खरंच बोअर मारावा लागला, दोन्ही सिलिंडर ०.५० मिमी ओव्हरसाइझ. ह्या वेळी मी प्रत्येक टप्प्याला उभा राहिलो. नवीन पिस्टन बसवायच्या आधी मूळ कारण दुरुस्त झालं पाहिजे ही अट घातली, क्रँक सील गळत नाहीत ना हे इंजिनमध्ये ५-६ पीएसआय हवा भरून तपासून घेतलं, कारण सीलमधून हवा आत गेली तरी मिश्रण लीन होऊन नवा पिस्टन तसाच जातो. ऑइल पंपातली हवा काढली आणि तरीही पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये थोडं ऑइल वेगळं मिसळलं. कोणी तुम्हाला इंजिन काम सांगितलं तर टेस्ट तुमच्यासमोर परत करायला लावा, थ्रॉटल तुम्ही स्वतः दाबून धरा, काम द्यायच्या आधी सिलिंडरच्या नटांचा फोटो काढून ठेवा आणि जुने पार्ट परत मिळणार हे आधीच कबूल करून घ्या, तो कुरकुर करायला लागला तर मशीन तिथून उचला.

दोन्ही सिलिंडर आता १५० च्या जवळ आहेत, नळ्या सगळ्या नव्या काळ्या, फुल थ्रॉटलला दबत नाही. त्या पहिल्या मेकॅनिकला मी रंग न तुटलेल्या नटांचे आणि स्टँडर्ड पिस्टनचे फोटो बिलासकट पाठवले. त्याने पाहिले, उत्तर अजून नाही.